‘उदाहरणार्थ’ हा शब्द कोणाचा? खान्देशातील पोरांची बोली आणि ती ऐकणारे मास्तर

सन १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने एका तरुण लेखकाची पहिलीच कादंबरी छापली. लेखक जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातल्या सांगवीचा, वय पंचवीस. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याचेही वय पंचवीस. नायक अगदी आरंभीच आपले वय सांगतो आणि त्या आकड्याआधी ‘उदाहरणार्थ’ हा शब्द ठेवून देतो. वय हे कशाचे उदाहरण? निबंधाच्या वहीत असे वाक्य आले असते तर मास्तरांनी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

‘कोसला’तील ही लाल रेघेची जागा चूक नव्हे, हे ओळखायला मराठी वाचकांना काही काळ लागला. खान्देशात मात्र मास्तरांच्या लाल रेघेचा आणि पोरांच्या तोंडच्या भाषेचा झगडा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. #धागा

प्रथम प्रदेश. १९०६ मध्ये ब्रिटिश सरकारने मोठ्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्व म्हणजे स्थूलमानाने आजचा जळगाव. पश्चिम म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. धुळे, साक्री, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर हा अहिराणीचा पट्टा. पूर्वेला यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली आणि जामनेरच्या बाजूला तावडी. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजांच्या आपापल्या बोली. शाळेत या सगळ्यांसाठी फळा एकच आणि त्यावरची मराठीही एकच, पुण्याची.

या बोलींत अडाणीपणाने मोडलेली मराठी ऐकू येते, असा समज बाहेरून आलेल्या शिक्षकाचा सहज होई. उदाहरण घ्यावे तर क्रियापदाचे. प्रमाण मराठीत ‘स’ हा प्रत्यय ‘तू’शी बांधलेला: तू करतोस, तू जातोस. अहिराणीत ‘मी करस’, ‘तू करस’, ‘तो करस’, अनेकवचनात ‘करतस’. पुण्याच्या कानाला ‘मी करस’ म्हणजे पुरुषाचा घोटाळा वाटतो. प्रत्यक्षात तेथे नियम आहे आणि तो काटेकोर आहे. फक्त तो दामले-तर्खडकरांच्या पुस्तकात नाही.

षष्ठीचे त्याहून गमतीचे. ‘माझा, तुझा’ याऐवजी अहिराणीत ‘मना, तुना’. रामाचे घर ते ‘रामनं घर’. नवख्या कानाला या ‘ना’मध्ये नकार ऐकू येतो. एखादा पोर ‘मना बाप’ म्हणाला, तर त्याने बापाला मनाई केली असा अर्थ काढण्याइतका गोंधळ होऊ शकतो. ‘आहे’साठी ‘शे’, ‘मला’साठी ‘माले’, ‘आला’साठी ‘उना’. आणि ‘ळ’ची तर सर्व खान्देशात वेगळीच कथा: डोळा तो डोया, केळी ती केयी, धुळे ते धुये. ज्या ठिकाणी पोराचे उच्चार सुधारायचे, त्या ठिकाणाचे नावच तो ‘शाया’ असे घेई.

या भाषेकडे चूक म्हणून न पाहता वस्तू म्हणून पाहण्याचे काम आधी सरकारी दप्तराने केले, हे थोडे विचित्रच आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात खानदेशी ही मराठीच्या नव्हे, तर भिल्ली बोलींच्या सोबतीने, गुजराती-राजस्थानीच्या शेजारी बसवलेली आहे. ते वर्गीकरण सर्वांना पटलेले नाही आणि अहिराणीचे मराठीशी नाते किती जवळचे, हा वाद अजून मिटलेला नाही. पण सर्वेक्षणाची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी होती. प्रत्येक बोलीत एकच गोष्ट सांगवून घ्यायची, तीही बायबलातील उधळ्या पुत्राची. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन घर सोडतो, उधळतो, परत येतो आणि बाप त्याला काही न विचारता पोटाशी धरतो. हिंदुस्थानभरच्या बोली नोंदवल्या गेल्या त्या अशा एका बापलेकाच्या गोष्टीतून. ऐकणाऱ्याला येथे सुधारायचे काहीच नव्हते, फक्त उतरवून घ्यायचे होते.

शाळेत ती मुभा नव्हती. मास्तराला ऐकावेही लागे आणि परीक्षेलाही बसवावे लागे.

१९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये एक नवे शिक्षक रुजू झाले: पांडुरंग सदाशिव साने. जन्म कोकणातल्या पालगडचा, शिक्षण औंध आणि पुणे येथले. ते अमळनेरला आले होते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. पण रमले पोरांत. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आसपासच्या खेड्यांतून आलेली मुले, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. आणि त्यांचा पालक म्हणून सह्याद्रीपलीकडचा एक माणूस, ज्याचे स्वतःचे बोलणेही त्या पोरांना परकेच वाटले असणार.

सानेगुरुजींनी वसतिगृहात काय केले हे महाराष्ट्राला पाठ आहे: मुलांच्या खोल्या झाडल्या, आजारी मुलांची शुश्रूषा केली. भाषेच्या दृष्टीने पाहावे असे काम वेगळे आहे. ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. एका शिक्षकाने एका वसतिगृहातील मुलांसाठी रोज हाताने वर्तमानपत्र लिहायचे! जो माणूस रोज त्याच मुलांसाठी लिहितो, त्याला आपले कोणते वाक्य मुलांपर्यंत पोहोचले आणि कोणते भिंतीवरच राहिले, हे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत कळते. गुरुजींची ती छोटी, सोपी, थेट हृदयाशी बोलणारी वाक्ये पुढे ‘श्यामची आई’त आली, ते पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्या गद्यावर भाबडेपणाचा आरोप अनेकांनी केला आहे. मात्र ती वाक्ये घडली ती खेड्यातल्या पोरांसमोर, हे आरोप करणाऱ्यांनी क्वचितच ध्यानात घेतले.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. शिक्षक म्हणून अमळनेरात मिळाली ती अवघी सहा वर्षे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेतली ती गुरुजींनीच. पुढे बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून त्यांनी ‘स्त्री जीवन’ सिद्ध केले. दुसऱ्याचे बोलणे आधी ऐकावे, टिपावे, ही सवय त्यांच्या हातात मुरलेली होती.

तिकडे पूर्व खानदेशात हेच काम उलट्या दिशेने चालले होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत आणि ती कागदावर उतरवीत ती शिकलेली मुले, विशेषतः पुत्र सोपानदेव. सोपानदेव स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले, तेही प्रमाण मराठीत. आईची गाणी मात्र वहीतच राहिली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. ‘डोया’ला ‘डोळा’ न करता. शिकलेल्या मुलाला आईच्या भाषेचा संकोच वाटावा, हे शाळेच्या लाल रेघेचे यशच म्हणायचे. सोपानदेवांचे मोठेपण असे की संकोच असतानाही त्यांनी शब्द बदलले नाहीत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव दिले गेले. मराठीच्या उत्तरपत्रिकेत ‘शाया’ ही अर्थात अजूनही चूकच आहे.

आता पुन्हा १९६३ कडे. भालचंद्र नेमाडे यांचा पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात राहतो. त्याची भाषा खान्देशी असेल अशी अपेक्षा धरून वाचणाऱ्याची निराशा होते. गावाकडचे शब्द आहेत, पण ज्या शब्दांनी ‘कोसला’ ओळखली गेली ते ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’, ‘थोर’. यांपैकी एकही शब्द नवा नाही, ग्रामीण नाही, चोरट्या भाषेतला नाही. तिन्ही शब्द मास्तरांचे आहेत.

‘उदाहरणार्थ’ फळ्यावरून आलेला: नियम सांगून झाला की मास्तर हा शब्द लिहून खडू सरसावतात. पांडुरंगाच्या तोंडी त्यामागून उदाहरण येत नाही. माझे असे निराळे काही नाही, मी या गर्दीतला एक नमुना, इतकेच तो शब्द सुचवतो. ‘वगैरे’ नोट्सच्या वहीतला. पोर तो अशा ठिकाणी टाकतो जिथे पुढचे सांगण्यात त्याला अर्थ वाटत नाही, किंवा पुढचे सांगणे जड जाते. आणि ‘थोर’ हा तर क्रमिक पुस्तकांचा, जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांचा, चरित्रमालांचा शब्द. सानेगुरुजींच्या पिढीने तो शब्द प्राणपणाने उच्चारला. गोखल्यांचे, विद्यासागरांचे चरित्र लिहिताना गुरुजींना त्यात काही विनोदी वाटले नसेल. स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षे तोच शब्द प्रत्येक व्यासपीठावरून ऐकलेल्या मुलाने तो उचलला आणि मेसच्या जेवणापासून प्राध्यापकापर्यंत कशालाही लावला. ही गुरुजींची टवाळी नव्हे. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला होता, याची ती पोचपावती होती.

म्हणून तरुणांची भाषा समजण्याचा प्रश्न दोन अगदी वेगळ्या रूपांत येतो आणि मास्तर, पालक, वसतिगृहाचे अधीक्षक त्यांची गल्लत करतात. अहिराणी बोलणाऱ्या पोराचे शब्द मोठ्यांना कळत नाहीत, अर्थ मात्र साधासरळ असतो: भूक लागली, घरी जायचे आहे, बाप आजारी आहे. पांडुरंगासारख्या पोराचे शब्द सगळे कळतात आणि तिथेच फसगत होते. पहिल्या वेळी मोठा माणूस निदान विचारतो तरी. दुसऱ्या वेळी समजल्यासारखी मान हलवून पुढे जातो.

(तिसरा प्रकारही आहे: प्रत्येक अक्षराआधी ‘च’ लावून बोलण्याची ‘च’ची भाषा. ती मोठ्यांना कळू नये म्हणूनच असते आणि सर्वांत लवकर तीच फुटते, कारण तिचा नियम एकच.)

नेमाडे पुढे स्वतः प्राध्यापक झाले. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद येथे त्यांनी इंग्रजी शिकवले. ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या १९७५ ते १९७९ मधील कादंबऱ्यांत नायक चांगदेव पाटील आहे, गावोगावच्या कॉलेजांतून बदलत फिरणारा प्राध्यापक. टेबलाची बाजू बदलली. वसतिगृहाच्या खोलीतून दिसणारे मास्तर संपले आणि स्टाफरूममधून दिसणारी पोरे सुरू झाली. एकाच लेखकाने दोन्ही बाजू इतक्या जवळून लिहिल्याची उदाहरणे मराठीत फार नाहीत. चांगदेवला विद्यार्थ्यांची भाषा कळते. त्याचे हाल होतात ते सहकाऱ्यांच्या भाषेने.

शेवटी आजचे. २००१ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजार उरले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि बोलणारे घटले. सगळ्यांनीच बोलणे सोडले असे नव्हे. मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ सांगणे अनेकांना सोयीचे किंवा प्रतिष्ठेचे वाटते. आणि याच्या पुढच्याच दशकात मोबाइलवर अहिराणी गाण्यांचा पूर आला. २०२२ मधील ‘हाई झुमकावाली पोर’ खान्देशाबाहेरच्या लग्नांत, गणपतीत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत वाजले. पुण्याच्या वसतिगृहात ज्या बोलीमुळे आधीच्या पिढीला खाली मान घालावी लागे, तीच बोली अहिराणीचा गंध नसलेली पोरे हौसेने तोंडात घोळवू लागली.

त्या गाण्याच्या पहिल्याच शब्दाशी बहुतेक मोठी माणसे अडखळतात. ‘हाई’ हा उसासा नव्हे, ‘हाय’ अशी दादही नव्हे. अहिराणीत ‘हाई’ म्हणजे ‘ही’. साधे दर्शक सर्वनाम. धुळ्यातले पहिलीचे पोरही ते शाळेत येताना घरून घेऊनच येते.