३ ऑगस्ट, रात्री बारापर्यंत

१ ऑगस्ट २०२३, मंगळवार, रात्री ११

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात विजा कडाडत होत्या आणि व्होल्टेज वर-खाली होत होतं. माझ्या सेवा केंद्रातला संगणक मी बंद केला होता, पण प्लग काढला नव्हता. सकाळी बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरला नाही. मदरबोर्ड गेला होता.

त्या खरिपात राज्याने पहिल्यांदाच एका रुपयात पीक विमा दिला होता. आधी कापसाला विमा रकमेच्या ५ टक्के आणि सोयाबीनला २ टक्के हप्ता शेतकरी भरायचा. आता तो भार सरकारवर गेला आणि केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनी देणार होती. ३१ जुलैची मुदत वाढून ३ ऑगस्ट झाली होती. २२ जुलैला यवतमाळ जिल्ह्यात पुराने थैमान घातलं होतं, महागावच्या आनंदनगर तांड्यात माणसं पाण्यात अडकली होती. ते पाहिल्यापासून विमा नको म्हणणारेही सातबारा घेऊन येऊ लागले होते.

३ ऑगस्ट, दुपारी १२ – बारा तास बाकी

माझ्याकडे ४३ जणांचे कागद जमा होते: सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. ज्यांच्याकडे गाडी होती त्या २६ जणांना मी दुसऱ्या गावच्या केंद्रावर पाठवलं. उरले १७, त्यांतले बहुतेक म्हातारे आणि बाया. "तू भरशील ना बाप्पा? मंग मी कायले जाऊ तिकडं?" एक आजी म्हणाली आणि ओट्यावर बसली. दोन एकर सोयाबीन होतं तिचं.

दुपारी ३

यवतमाळहून मेकॅनिक पोरगा नवा बोर्ड, नवा प्रोसेसर घेऊन आला. हात चांगला होता त्याचा. जुनी डिस्क तशीच लावली, विंडोजने नवी उपकरणं ओळखायला पाच-सात मिनिटं घेतली आणि डेस्कटॉप उघडला. ओट्यावरची माणसं उठून आत आली.

अडचण वायफायची होती. आमचं इंटरनेट रस्त्यापलीकडच्या ग्रामपंचायतीतून हवेतून यायचं. जुनं वायफाय कार्ड पीसीआयच्या लांब पांढऱ्या खाचेत बसणारं होतं आणि नव्या बोर्डावर ती खाचच नव्हती. पोराने हे आधीच ताडलं होतं. लॅपटॉपमधून काढलेलं इंटेलचं छोटं कार्ड आणि ते बसवायची पट्टी त्याने सोबत आणली होती.

दुपारी ४

"ड्रायव्हर टाकला की दहा मिनिटांत चालू, दादा."

ही दहा मिनिटं त्या दिवशी मी किती वेळा ऐकली! पेन ड्राइव्हमधला ड्रायव्हर टाकला, संगणक पुन्हा सुरू केला. नाही. दुसऱ्या आवृत्तीचा टाकला. नाही. अँटिव्हायरस काढला. बायोसमध्ये जाऊन आला. मी मोबाईलचा हॉटस्पॉट लावून पाहिला. पण हॉटस्पॉट पकडायलाही वायफायच लागतं, हे घाईत सुचलं नाही. मग मोबाईलवरच पोर्टल उघडलं. लॉगिन झालं, पण कागद चढवताना पान परत पहिल्यावर जायचं.

ग्रामपंचायत तेव्हा उघडी होती. कॅबिनेट उचलून राउटरजवळ न्यायचं आणि तार जोडायची, एवढंच करायचं होतं. दर वेळी दहाच मिनिटं उरलेली वाटत होती, म्हणून आम्ही जागचे हललो नाही.

संध्याकाळी ६.५०

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन लावला. त्याने ड्रायव्हरचं नावही काढलं नाही. "मामा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हाची एखादी ओळ दिसते का? नेटवर्क कंट्रोलर वगैरे?"

"नाही दिसत."

"कार्डावर काय लिहिलंय?"

पोराने कॅबिनेट उघडून टॉर्च धरला. एएक्स२०१.

भाचा थोडा वेळ गप्प झाला. मग त्याने समजावलं ते असं. एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला सारखी, एकाच मापाची. पण २०० हे पूर्ण कार्ड आहे. २०१मध्ये वायफायचा निम्मा भागच असतो, उरलेला इंटेलच्या ठरावीक बोर्डांच्या चिपसेटमध्ये असतो. आमचा नवा बोर्ड एएमडीचा. त्याला ते कार्ड दिसणारच नव्हतं. ड्रायव्हर नसलेलं उपकरण निदान यादीत अनोळखी म्हणून तरी येतं. जे यादीतच नाही, त्याला कुठलाही ड्रायव्हर जागं करू शकत नाही. तीन तास आम्ही घरात नसलेल्या माणसाला हाका मारत होतो.

पोराचा चेहरा उतरला. त्याला कार्ड विकणाऱ्याने 'कोणत्याही बोर्डाला चालतं' म्हणून दिलं होतं. मी त्याला काही बोललो नाही. कार्डावरचा नंबर मीही तीन तासांत वाचला नव्हता.

संध्याकाळी ७.१५

धावत ग्रामपंचायतीकडे गेलो. कुलूप होतं. शिपाई लग्नाच्या बोलणीला परगावी गेला होता आणि किल्ली त्याच्याकडेच होती.

रात्री ८.३०

भाच्याचा पुन्हा फोन आला. "यूएसबी टेदरिंग करा. मोबाईल तारेने जोडा, विंडोज १०ला त्याचा ड्रायव्हर वेगळा लागत नाही."

जोडला. मोबाईल फक्त चार्ज होऊ लागला, टेदरिंगचं बटण फिकटच राहिलं. दुसरी तार लावली, तेच झालं. स्वस्तातल्या तारांमध्ये नुसती वीज वाहते, माहिती वाहून नेणाऱ्या तारा आत नसतात. गावात डेटा केबल शोधायला तासाभराहून जास्त गेला. शेवटी नुकताच नवा फोन घेतलेल्या एका पोराच्या डब्यातून ती निघाली.

रात्री ९.५०

बटण उजळलं. इंटरनेट आलं. सतरा अर्ज, १३० मिनिटं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. टॉवरची रेंज येत-जात होती, पोर्टलवर राज्यभरची गर्दी होती. एका अर्जाला अकरा मिनिटं लागत होती. मेकॅनिक पोरगा परत गेला नाही. तो कागद स्कॅन करायचा आणि मी भरायचो. आजी ओट्यावरच झोपली होती. मी कागद वरून खाली, ठेवल्या क्रमाने घेत गेलो. तिची पिशवी सगळ्यांत आधी आलेली, म्हणून सगळ्यांत खाली होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रात्री १२

अकरा झाले. बारावा अर्ज पैसे भरण्याच्या पानावर होता. पान ताजं झालं तेव्हा मुदत संपल्याची ओळ आली. सहा जण राहिले.

त्यानंतर

५ ऑगस्टला यूएसबीचं वायफाय उपकरण आणलं. खोचताच चाललं, सगळ्या कांड्या भरलेल्या. केंद्रात कोणी नव्हतं.

मग पाऊस गेला. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट तोच ठरला. पाठोपाठ सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला.

सप्टेंबरात आजी रेशन कार्डाच्या कामाला आली. विम्याचा विषय तिने काढला नाही. सोयाबीन कसं आहे, हे मीच विचारलं.

"पिवळं पडलं," ती म्हणाली आणि आधार कार्ड माझ्यापुढे ठेवलं.