अवतरणचिन्ह आणि ‘ध’चा ‘मा’

कोपरगांव येथील कांहीं विद्यार्थ्यांनीं सिद्ध केलेला एक हस्तलिखित अंक मध्यंतरीं आमच्याकडे तपासण्यासाठीं आला. अक्षर वळणदार व चित्रें सुबक होतीं. गांवच्या इतिहासावरील लेख मुलांनीं विशेष उत्साहानें लिहिला होता. त्यांत नारायणराव पेशव्यांच्या वधाचा प्रसंग वर्णून पुढें दुहेरी अवतरणचिन्हांत “नारायणरावास मारावें” असे शब्द दिले होते व त्यांखालीं ‘आनंदीबाईचें पत्र’ असा निर्देश होता. हें पत्र कोठें पाहिलें, असें आम्हीं विचारिलें. तें सर्वांनाच माहीत आहे, असें उत्तर मिळालें. त्या उत्तराचा आम्हांस राग आला नाहीं. कारण शाळेंत शिकवितांना आम्हींही हेच शब्द फळ्यावर अवतरणचिन्हांत लिहीत आलों होतों, आणि पत्राचा ठावठिकाणा आम्हांस कोणीं विचारिला नव्हता. हा दोष एकट्या मुलांचा नव्हे. म्हणून या खुणेचा मराठींतील पूर्वेतिहास व तिचा अर्थ यांचा थोडा विचार येथें करीत आहों.

प्रथम प्रसंग पाहूं. नारायणरावांचा वध शनिवारवाड्यांत ३० ऑगस्ट १७७३ (शके १६९५) रोजीं झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्याबद्दल रघुनाथरावांस दोषी ठरविलें, हें प्रसिद्ध आहे. कोपरगांवाचा संबंध त्यानंतरचा. सन १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव या गोदातीरीं येऊन राहिले व डिसेंबर १७८३ मध्यें वारले. त्यामुळें ती कथा येथील मुलांस आपल्या घरची वाटावी, हें स्वाभाविक होय. कथा अशी कीं, गारद्यांस दिलेल्या दादासाहेबांच्या हुकुमांत ‘धरावें’ असें होतें आणि आनंदीबाईंनीं ‘ध’चा ‘मा’ केला. परंतु हें अक्षर ज्यावर बदललें तो अस्सल कागद आमच्या पाहण्यांतील कोणत्याही साधनसंग्रहांत छापलेला नाहीं. शिवाय कथा खरी धरली तरीही पत्र दादासाहेबांचें ठरतें. बाईंचें केवळ एक अक्षर. मुलांच्या अंकांत सगळें पत्रच बाईंच्या नांवावर जमा झालें होतें. दुसऱ्याच्या लेखांत फेरफार करणें यास आपण ‘ध’चा ‘मा’ करणें म्हणतों; आणि तीच गोष्ट सांगतांना, कोणीं न पाहिलेला मजकूर एका स्त्रीच्या पदरीं बांधून, आपणही तेंच करितों.

आतां खुणेविषयीं. संस्कृतांत अवतरणचिन्ह नव्हतें; त्याचें काम ‘इति’ हें अव्यय करी. परंतु ‘इति’ दुसऱ्याचें बोलणें कोठें संपलें एवढेंच दाखवितें. कोठें सुरू झालें, हें वाचकानें संदर्भानें ओळखावयाचें. तसेंच बोललेल्या शब्दांपुढें जसें ‘इति’ येतें, तसेंच मनांत आलेल्या विचारापुढेंही येतें. अर्थात् शब्द जसेच्या तसे असल्याची हमी त्यांत नाहीं. मराठींत हेंच काम ‘ऐसें’, ‘असें’, ‘म्हणून’ या शब्दांकडे आलें.

मोडी पत्रांत अडचण आणखी वाढते. तेथें ओळीची शिरोरेषा आधीं ओढून अक्षरें तिच्याखालीं सलग लिहीत. शब्द तोडण्याची वा विरामाची खूण नसे. उत्तर लिहिणारा आधीं आलेल्या पत्राचा मजकूर थोडक्यांत सांगे व मग आपलें म्हणणें मांडी. त्यांपैकीं पहिलें कोठें संपलें आणि दुसरें कोठें लागलें, हें संपादकासच ठरवावें लागतें. बखरींतील संभाषणें तर बहुधा बखरकारानेंच रचलेलीं. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापतांना अस्सल पत्रांस बखरींहून वरचें स्थान दिलें, त्याचें इंगित हेंच होय.

विरामचिन्हें मराठींत स्थिर झालीं तीं मुद्रणाबरोबर, इंग्रजी वळणानें. मेजर टॉमस कँडी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून त्यांस मराठींत व्यवस्था लाविली. मराठीस या चिन्हाची गरज विशेष होती. ‘तो म्हणाला कीं मी उद्यां येतों’ या वाक्यांतील ‘मी’ म्हणजे बोलणारा. परंतु हे त्याचेच शब्द, कीं सांगणाऱ्यानें केलेला सारांश, हें ‘कीं’वरून कळत नाहीं. अवतरणचिन्ह घातलें म्हणजे लेखक वाचकास हमी देतो : हे शब्द माझे नव्हेत, ज्याचे म्हणून सांगतों त्याचेच आहेत, आणि मीं ते पाहिले किंवा ऐकिले आहेत. ‘इति’नें न घेतलेली जबाबदारी या चार टिंबांनीं घेतली आहे.

ही हमी किती जड असते, याचें उदाहरण पुण्याच्या दोन तरुण शिक्षकांनीं घालून दिलें आहे. टिळक व आगरकर १८८० पासूनच्या न्यू इंग्लिश स्कूलचे अध्यापक आणि १८८१ पासून वृत्तपत्रकार. कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांच्या होणाऱ्या छळानें व्यथित होऊन त्यांनीं कारभारी माधवराव बर्वे यांचीं म्हणून समजलीं गेलेलीं पत्रें खरीं मानिलीं व त्यांच्या भरंवशावर लिहिलें. खटल्यांत तीं पत्रें बनावट ठरलीं. दोघांनीं दिलगिरी दर्शविली. तरी १८८२ च्या जुलैंत चार महिन्यांची शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. हेतु निर्मळ होता, कळकळ खरी होती. परंतु दुसऱ्याच्या नांवावर घातलेले शब्द त्याचे आहेत कीं नाहींत, या प्रश्नास कळकळ हें उत्तर होत नाहीं.

म्हणून आम्हीं त्या मुलांस पुढील गोष्टी सांगितल्या. दुहेरी चिन्हांत केवळ अक्षरशः शब्दच घालावे. सारांश द्यावयाचा तर चिन्हाशिवाय द्यावा. एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधावयाचें असल्यास अथवा अवतरणांत दुसरें अवतरण आल्यास एकेरी चिन्ह पुरे. ‘म्हणाले’ यानंतर स्वल्पविराम देऊन मग चिन्ह उघडावें. संपूर्ण वाक्य उतरलें असेल तर पूर्णविराम चिन्हाच्या आंत. एखाददुसरा शब्दच घेतला असेल तर बाहेर. मधला मजकूर गाळल्यास तीन टिंबें द्यावीं; आपला शब्द घालणें भाग पडल्यास तो चौकोनी कंसांत घालावा. गांवांतील वृद्धांची मुलाखत घेतल्यास त्यांची बोली सुधारूं नये, आणि लिहिलेलें त्यांस वाचून दाखवावें. सर्वांत मुख्य म्हणजे, प्रत्येक अवतरणापुढें कोणाचें, कोणत्या कागदांतील, कोणत्या दिवसाचें, हें सांगतां आलें पाहिजे. न आल्यास चिन्ह काढावें.

एका मुलानें विचारिलें कीं, मग ती गोष्टच गाळावी काय? आम्हीं नको म्हटलें. आख्यायिका हीही इतिहासाची सामग्री आहे. लोकांनीं काय मानिलें, याचें ती प्रमाण आहे. फक्त ‘अशी आख्यायिका आहे’ या शब्दांनीं तिचें दार उघडावें. मुलांनीं तें पान पुन्हां लिहून काढिलें. नव्या पानावर गोष्ट तीच आहे. परंतु आनंदीबाईंच्या नांवावर आतां एकही पत्र नाहीं. आमच्या फळ्यावरील अक्षरें मात्र कधींच पुसलीं गेलीं; तीं वाचून गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीं हा लेख.