आधी हजेरी

२०२३ च्या जानेवारीत मी ऑस्टिनला मुलीकडे होते. ऑस्टिन म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची राजधानी. तिथला उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा. "आई, इथे थंडी नावालाच असते गं, स्वेटरची ओझी आणू नकोस," असं मुलगी फोनवर म्हणाली होती. मीही ऐकलं.

३१ जानेवारीला, मंगळवारी, पाऊस सुरू झाला. अगदी भुरभुर. खिडकीतून बघताना त्यात भिण्यासारखं काही वाटत नव्हतं. संध्याकाळपर्यंत अंगणातल्या ओकचं पान न् पान काचेत बसवल्यासारखं दिसायला लागलं. नातू फोटो काढत सुटला. रात्री मात्र आवाज सुरू झाले. आधी कडाड्, मग क्षणभर शांतता, आणि मग काचेचं कपाट उलटावं तसा खळखळाट. एकदा उजवीकडून, एकदा मागून, एकदा लांबून. बुधवारी पहाटे वीज गेली. उजाडल्यावर पाहिलं तर रस्ता दिसतच नव्हता. नुसत्या फांद्या.

मंडळी, याला बर्फवृष्टी म्हणायचं नाही. बर्फ भुरभुरीत असतो, झटकला की पडतो. हा गोठणारा पाऊस. वरती उबदार हवेचा थर असतो, त्यात हिमकण वितळून पाणी होतं. जमिनीलगत मात्र शून्याखालच्या थंड हवेचा पातळ थर असतो. त्यातून येताना थेंबाला गोठायला सवड मिळत नाही. तो पाणीच राहतो, पण शून्याच्या खाली. आणि ज्याला शिवेल तिथे तत्क्षणी गोठतो. पान, फांदी, विजेची तार, पायरी, सगळ्यांवर थरावर थर चढत जातो. अर्धा इंच जाडीचा थरसुद्धा मोठमोठ्या फांद्या मोडायला पुरतो. त्यात ऑस्टिनचा लाइव्ह ओक हिवाळ्यात पानं गाळत नाही. जितकी पानं, तितकं ओझं.

फेब्रुवारी २०२१ मध्येही टेक्सासमध्ये वीज गेली होती, पण ते संकट वेगळं होतं. तेव्हा कडाक्याच्या थंडीने वीज तयार करणारी यंत्रणाच कोलमडली होती, आणि राज्य सरकारच्या आकड्यांनुसार २४६ माणसं दगावली. २०२३ ला वीज तयार होत होती, पण घरापर्यंत पोचत नव्हती. फांद्यांनी तारा तोडल्या होत्या. एकट्या ऑस्टिनमध्ये दीड लाखाहून अधिक ग्राहक एकाच वेळी अंधारात होते.

मुलीची गल्ली पुढे बंद होणारी, चौदा घरांची. गुरुवारी ऊन पडलं आणि बर्फ वितळून धबाधबा खाली यायला लागला. शेजारचे एक गृहस्थ, आमचे जावई आणि आणखी दोघं रस्त्यात उभे राहून काय करायचं ते ठरवू लागले. शहराचे ट्रक येणार, पण ते रस्त्याच्या कडेला लावलेलाच ढीग उचलणार. यामागे हिशेब आहे. मोठी आपत्ती जाहीर झाली की सार्वजनिक जागेतला कचरा उचलण्याचा खर्च शहराला केंद्र सरकारच्या निधीतून बऱ्याच अंशी परत मिळू शकतो. खाजगी अंगणातला सहसा नाही. म्हणजे दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं काम ज्याचं त्याने करायचं. धडधाकट माणसाला ते वीस पावलांचं अंतर. बाकीच्यांचं काय?

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तक्ते आणि याद्या करायची हाताला सवय. मी म्हटलं, द्या इकडे वही. रकाने आखले : घर क्रमांक, कुणाकडे करवत आहे, कुणाकडे पिकअप गाडी आहे, कुणाच्या छपरावर फांदी आहे, कुणाच्या तारेवर आहे. तारेवरच्या फांदीला कुणी हात लावायचा नाही, हे जावयांनी आधीच बजावलं होतं. मी मराठीत लिहायची, नातू शेजारी इंग्रजीत. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं दारोदार फिरलो. शाळेतल्या जनगणनेच्या कामाची आठवण झाली.

नवव्या घराचं दार उघडलं नाही. तिथे एक बाई एकट्या राहायच्या, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. समोर येता-जाता हात हलवायच्या. त्यांच्या छपरावर पडलेली फांदी गल्लीतली सगळ्यांत मोठी, आमच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती. नातवाने मागच्या दाराची काच वाजवली. मग मुलगी आली, शेजारच्यांकडे किल्ली होती ती मिळाली. बाई पलंगावर होत्या. अंगात कोट, वर तीन गोधड्या. घरातलं सगळं विजेवर, शेगडीसुद्धा. फोन बुधवारी रात्रीच बंद पडलेला. बोलत होत्या, पण शब्द जड पडत होते आणि माझा हात त्यांच्या हाताला लागला तेव्हा मला तो माणसाचा हात वाटला नाही. रुग्णवाहिका आली. चार दिवसांनी त्या बऱ्या होऊन परत आल्या, म्हणून हे लिहिता तरी येतंय.

बुधवार-गुरुवार, दोन दिवस आम्ही त्यांच्या घराकडे बघत होतो. "केवढी फांदी पडलीय हो!" असं प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं होतं. मीसुद्धा. त्या फांदीखाली कुणी राहतं, हे माझ्या रकान्यांत कुठेच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मला काही सुचेना, म्हणून अशा वादळांबद्दल वाचायला घेतलं. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचायला वेळ लागतो. पण वेळच वेळ होता. या प्रकारच्या वादळांत सगळ्यांत गाजलेलं म्हणजे जानेवारी १९९८ चं. कॅनडाच्या क्वेबेक आणि ऑन्टारिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या ईशान्य राज्यांत ५ ते १० जानेवारी असे सहा दिवस टप्प्याटप्प्याने गोठणारा पाऊस पडत राहिला. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात थंड हवा साचून राहिली होती, ती हलेना. काही ठिकाणी एकूण १०० मिलिमीटरच्या आसपास असा पाऊस झाला. वीजवाहिन्यांचे हजारावर पोलादी मनोरे काडीसारखे वाकून पडले, लाकडी खांब तर हजारोंनी. कॅनडात चाळीस लाखांच्या आसपास लोकांची वीज गेली. माँट्रियलच्या दक्षिणेला सेंट हायसिंथ, ग्रॅनबी आणि सेंट जाँ या गावांमधल्या पट्ट्याला लोक 'काळा त्रिकोण' म्हणू लागले. तिथे काही घरांत महिनाभर दिवा लागला नाही, तोही कॅनडातल्या जानेवारीत. माँट्रियलचा मोठा बगीचा, माउंट रॉयल, १८७६ साली खुला झालेला. तिथल्या बहुतेक झाडांना इजा झाली आणि हजारो तोडावी लागली. फांद्या उपसायला आणि लोकांना मदत करायला पंधरा हजारांहून अधिक सैनिक उतरवले गेले.

हे आकडे कुठल्याही लेखात मिळतात. त्यांच्या मधल्या ओळींत काही गोष्टी सापडल्या, त्या मला जास्त मोलाच्या वाटल्या. बूशरव्हिल नावाच्या गावात रेल्वेचं डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून भर रस्त्यातून नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत चालवत नेलं आणि त्याच्यातून वीज घेतली. दूधदुभत्याच्या शेतकऱ्यांचे हाल वेगळेच. शेकडो गाई, दोहन यंत्रावर, आणि वीज नाही. गाय वेळेवर पिळली नाही तर कास सुजते. तेव्हा एक जनरेटर या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरवत नेला जायचा. दोन तास तुझे, दोन तास माझे. असं फिरवायचं तर कुणीतरी वेळापत्रक केलं असणार, कुणाच्या गाई किती तटल्यात हे विचारलं असणार. त्या माणसांची नावं कुठल्या पुस्तकात येत नाहीत.

आणि सैनिक? ते फांद्या तर उचलतच होते, पण घरोघरी जाऊन दारंही वाजवत होते. कारण अशा वादळात माणसं सगळी फांदी अंगावर पडून मरत नाहीत. ती नंतरच्या दिवसांत मरतात. थंडीने मरतात, घरात कोळशाची शेगडी किंवा जनरेटर लावून त्याच्या विषारी वायूने मरतात, निसरड्या पायरीवरून पडून, करवत चालवताना मरतात. मागे उरलेल्या संकटाला आवाज नसतो. ते बंद दाराच्या आत असतं.

हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. कारण हा धडा मला नवा नव्हता.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचा बांधही टिकला नाही, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. मी अकरा वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात राहायचो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर वाड्यात गुडघाभर गाळ. भांडी, अंथरुणं, शाळेची पुस्तकं, धान्य, सगळं त्याच गाळात. प्यायला पाणी नाही, कारण शहराला पाणी देणारा खडकवासला तलावच रिकामा. जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा कामाला आले.

वाड्यात एक निवृत्त कारकून होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मोठी माणसं फावडी-घमेली घेऊन गाळ काढायला धावली, तर नानांनी सगळ्यांना चौकात उभं केलं आणि म्हणाले, "आधी हजेरी." प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव घेऊन कोण आहे, कोण कुठे आहे, कोण आजारी आहे ते लिहिलं. कुणीतरी चिडून म्हणालं, "नाना, इथे घर बुडालंय आणि तुम्ही हजेरी काय घेताय!" नाना म्हणाले, "गाळ कुठे पळून जात नाही." त्या हजेरीतच कळलं की मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला कुणीच पाहिलं नव्हतं. ती दोघं नातलगांकडे सुखरूप होती, पण ते कळेपर्यंत एकही घमेलं उचललं गेलं नाही. मग आम्हा मुलांची रांग लागली, आणि गाळाची घमेली हातोहात बाहेर. रोज सकाळी आणि संध्याकाळी हजेरी, दहा-बारा दिवस.

पुढे मी शिक्षिका झाले. बत्तीस वर्षं वर्गात शिरल्यावर पहिलं काम हेच केलं. आणि ऑस्टिनला हातात वही घेतल्यावर मी रकाना आखला तो करवतीचा.

असो. त्या शनिवारी आणि रविवारी गल्लीची सफाई झाली. वहीत पहिला रकाना नवा घातला होता : घरात कोण आहे, कसं आहे, ऊब कशाची आहे. रोज सकाळी नातू चौदा दारं वाजवायचा. वीज आलेल्या घरांनी न आलेल्यांना जेवायला, अंघोळीला बोलावलं. करवतीवाले तिघं, ओढणारे दहा-बारा, मुलं लहान काटक्यांना. झाडात अडकून लोंबणाऱ्या फांदीला तिथले लाकूडतोडे 'विधवा करणारी' म्हणतात, तिच्या खाली कुणालाही जाऊ दिलं नाही. ती जाणकारांसाठी सोडली. ढीग रस्त्याच्या कडेला, पण पाण्याचे मीटर, टपालपेट्या आणि बंबाचे नळ मोकळे ठेवून. फांद्यांत प्लॅस्टिकची पिशवी मिसळायची नाही, कारण त्यांचा भुसा होऊन पुन्हा झाडांच्या बुडाशी जाणार.

एक काम मला फार आवडलं. ओकला तिथे बुरशीचा एक रोग होतो, ओक विल्ट. ताज्या जखमेच्या वासाने किडे येतात आणि ती बुरशी आणतात. फेब्रुवारी ते जून हा धोक्याचा काळ, त्या दिवसांत तिथले लोक एरवी ओक छाटत नाहीत. वादळ नेमकं त्याच्या तोंडावर आलं. म्हणून फांदी कापली की जखमेवर लगेच रंग मारायचा. शिवाय लाइव्ह ओकची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, एका अंगणातला रोग कुंपण न ओलांडता दुसऱ्या अंगणात जातो. त्यामुळे नवव्या घराच्या झाडाला रंग लावणं हे फक्त नवव्या घराचं काम नव्हतं. ते मी आणि माझ्या नातवाने केलं. बाई तोवर इस्पितळात होत्या.

मोठा पंजा लावलेले ट्रक आमच्या गल्लीत यायला आणखी काही आठवडे गेले. तोवर ढिगांची पानं वाळून तपकिरी झाली होती. ते उचलले गेले त्या दिवशी नवव्या घरच्या बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. माझं इंग्रजी तोडकं, त्यांना मराठी येण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी वही मागितली आणि पानं उलटून बघितली. आपल्या घराचा आकडा त्यांना सापडला. पहिल्या पानावर त्याच्यापुढे फक्त 'छपरावर फांदी, मोठी' एवढंच लिहिलेलं होतं. काय लिहिलंय, असं त्यांनी खुणेने विचारलं. मी खरं ते सांगितलं, नातवाने भाषांतर केलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी त्या ओळीच्या पुढे स्वतःचं नाव लिहिलं.

ती वही मी पुण्याला घेऊन आले आहे. आमच्या सोसायटीत पावसाळ्याच्या आधी झाडांच्या फांद्या छाटायची बैठक होते. या वर्षी मी त्यात एक रकाना वाढवायला सांगितला.