विनामूल्य रुग्ण व वैद्यकीय हयगय

सार्वजनिक रुग्णालयात मोबदला न देता उपचार घेणाऱ्या रुग्णास तेथील हयगयीने इजा पोहोचल्यास त्याला अगर त्याच्या वारसांस भरपाई मागण्याचा जो हक्क आहे, त्याचे कायदेशीर स्वरूप. आंबेनळी घाटात गाडी उलटून पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणलेला जखमी या वर्गात मोडतो. ग्राहक या नात्याने मात्र त्याला अलिबागेस जिल्हा आयोगापुढे उभे राहता येत नाही, हे पुष्कळांस ऐकूनही खरे वाटत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मधील ‘सेवा’ या संज्ञेतून विनामूल्य सेवा वगळली होती. २०१९च्या अधिनियमानेही ती वगळलेलीच ठेवली. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा भेद केला की, जेथे काही रुग्ण पैसे देतात तेथील मोफत रुग्णही ग्राहकच होय. जेथे सर्वांनाच उपचार मोफत, तेथे मात्र कोणीही ग्राहक नव्हे. नोंदणीची नाममात्र फी हा मोबदला नव्हे, असेही त्याच निर्णयात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासनाने आपल्या सार्वजनिक आरोग्य संस्थांतील उपचार निःशुल्क केले; म्हणून तेथील रुग्ण ग्राहक ठरत नाही.

उरतो तो मुख्यतः दिवाणी दावा. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला. पोट पुन्हा उघडले तेव्हा तो सापडला, पण पू झालेला होता, आणि त्याच महिन्यात ती दगावली. खालच्या न्यायालयाने दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. पुढे २० फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे घटनेनंतर बत्तीस वर्षे उलटून गेल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली व रुग्णालय चालविणे हे सार्वभौम सत्तेचे काम नसल्याने नोकराच्या हयगयीबद्दल सरकार जबाबदार आहे, असे ठरविले (खोडवा खटला). टॉवेल स्वतःच साक्ष देत होता, म्हणून येथे तज्ज्ञांची गरज पडली नाही. एरवी ती पडते. १९९६ मध्येच पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, गाडीतून पडलेल्या जखमीस सरकारी रुग्णालये खाट नाही म्हणून पुढे धाडीत राहिली, हा संविधानाच्या अनुच्छेद २१चा भंग मानून २५,००० रुपये देवविले गेले.

दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० अन्वये सरकारास दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कोर्ट फीची ऐपत नसल्यास नादारीत दावा लावता येतो. घाटातल्या वाडीवरून आलेल्या नातेवाइकाच्या हाती बहुधा घडी घातलेला एक केसपेपर उरतो. बाकीचे कागद प्रतिवादीच्याच दप्तरी असतात.