बटन ग्विनेटची सही

जॉर्ज वॉशिंग्टन सगळ्यांना माहीत असतो. पण बटन ग्विनेट? मलाही मागच्या शनिवारपर्यंत माहीत नव्हता. (टाइप करताना चुकलो नाहीये, नाव खरंच बटन आहे!)

अमेरिकेच्या १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या. या सगळ्यांच्या हातची एकेक सही जमवायची, हा तिकडच्या संग्राहकांचा जुना नाद. फ्रँकलिन, जेफरसन वगैरे मंडळींनी आयुष्यभर ढिगाने पत्रं लिहिली, त्यामुळे खिशात पैसे असतील तर ते मिळतात. गाडी अडते ती ग्विनेटपाशी. हा जन्माने इंग्रज, धंद्यात कर्जबाजारी झालेला, जॉर्जियाचा प्रतिनिधी. मे १७७७ मध्ये लॅकलन मॅकिंटॉश या राजकीय वैऱ्याशी त्याचं पिस्तुलांनी द्वंद्व झालं. गोळ्या दोघांनाही लागल्या, मॅकिंटॉश वाचला, हा तीन दिवसांनी गेला. जाहीरनाम्यावर सही करून वर्षही झालं नव्हतं. आज त्याच्या जेमतेम ५० च्या आसपास सह्या माहीत आहेत. २०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातल्या एकीला ७,२२,५०० डॉलर मिळाले. जिवंतपणी ज्याला उधार द्यायला लोक कचरत असतील, त्याची ही किंमत!

इथपर्यंत सगळं मजेत वाचत होतो. मग जॅरेड स्पार्क्स भेटला आणि डोकं फिरलं.

हा मोठा इतिहासकार, पुढे हार्वर्डचा अध्यक्ष. वॉशिंग्टनचे कागद छापायचं काम याच्याकडे होतं. त्यात १७८९ च्या शपथविधीसाठी तयार केलेल्या, पण कधीच न केलेल्या लांबलचक भाषणाची प्रत होती, खुद्द वॉशिंग्टनच्या अक्षरात. स्पार्क्सला ती छापण्यालायक वाटली नाही. ठीक आहे, नसेल वाटली. पण लोक वॉशिंग्टनच्या अक्षराचा नमुना मागायला लागले, तेव्हा पठ्ठ्याने त्यातली पानं वाटली. मागणी वाढली तशी कात्री घेऊन एकेका पानाचे तुकडे केले! आमच्याकडे बॅकअप न घेता डेटाबेस उडवणाऱ्याला निदान रात्रभर झोप येत नाही. याने तर मित्रांना खूश करायला उडवला.

ते कपटे अजूनही अधूनमधून लिलावात निघतात आणि चांगल्या किमतीला जातात. अभ्यासक ते एकमेकांना जुळवून भाषण लावायचा प्रयत्न करतात. मधला बराच मजकूर अजून सापडलेला नाही.