शिक्का, मोर्तब आणि तीस सेकंद

एखादी गोष्ट कायमची ठरली म्हणजे तिच्यावर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण सहज म्हणून जातो. शब्द तोंडात इतका रुळलेला आहे की शिक्का आणि मोर्तब या एकेकाळी दोन निरनिराळ्या वस्तू होत्या, याचे भान कोणास राहिलेले नाही. मलाही ते नव्हते. शेजारच्या एका मुलाने विचारलेल्या प्रश्नामुळे या जुन्या जोडशब्दाकडे माझे लक्ष गेले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या भिलाईच्या वसाहतीत संध्याकाळी मैदानावर मुले दिसतात, परंतु त्यांतील निम्मी हातातल्या मोबाईलवरच खेळत असतात. अकरावीत शिकणारा हा मुलगा त्यांपैकीच एक. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला व म्हणाला, “काका, माझं खातं कुणीतरी पळवलं. तीन वर्षं जमवलेलं सगळं गेलं.” मी नेहमीप्रमाणे परवलीच्या शब्दाविषयी उपदेश करू लागलो. त्याने मला मध्येच थांबविले. “पण काका, मी दुहेरी कुलूप लावलं होतं! फोनवर आकडा आल्याशिवाय खातं उघडतच नाही. मग चोरी झाली कशी?”

प्रश्न मार्मिक होता, व त्याचे उत्तर केवळ यंत्रशास्त्रात सापडणारे नव्हते.

शिवकालीन राजपत्र ज्यांनी पाहिले असेल त्यांस ठाऊक आहे की पत्राच्या शिरोभागी अष्टकोनी मुद्रा असते. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वास वंद्य अशी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा आहे, हा त्या संस्कृत मुद्रेचा आशय सर्वश्रुत आहे. ही मुद्रा पत्र कोणाचे ते सांगते. परंतु एवढ्याने पत्र पुरे होत नसे. मजकूर जेथे संपला तेथे दुसरी, लहान मुद्रा उमटविली जाई. तिच्यावर अक्षरे असत ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे ‘येथे ही मर्यादा शोभते आहे’. हेच मोर्तब. मूळ शब्द अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे नीट रचलेले, सिद्ध झालेले. वरची मुद्रा अधिकार सांगे व खालची मुद्रा त्या अधिकाराची सीमा सांगे. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती राजाची नव्हे, हे उघड होई. शिवाय अनेक पत्रांच्या अखेरीस ‘बार’, ‘सुरुसूद’ अशा दफ्तरी नोंदी आढळतात. पत्रे तपासून पाहण्याचे काम अष्टप्रधानांतील सचिवाकडे असे. एकच आज्ञा, पण तिच्या खरेपणाच्या खुणा अनेक, व त्या अनेक हातांनी केलेल्या! राजावर अविश्वास होता म्हणून ही व्यवस्था नव्हती. राजाचे नाव दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून ती होती.

पत्रास खुणा लावता येतात, पण मनुष्यासच खूण पटवावयाची वेळ आली तर? आपल्या इतिहासात ती वेळ आली होती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणातील त्या गोंधळात त्यांच्या अंताविषयी लोकांच्या मनात संशय उरला. पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. त्या १७८३ मध्ये वारल्या त्या सौभाग्यचिन्हांसह. जेथे एका घराची आणि एका राज्याची एवढी तळमळ लागून राहिली होती, तेथे ‘मीच भाऊ’ म्हणणारा मनुष्य उभा राहिला यात नवल नाही. चेहरेपट्टी भाऊंशी जुळणारी होती. म्हणजे एक खूण पटली. परंतु माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत चौकशी झाली, भाऊंस जवळून ओळखणाऱ्यांनी त्यास पारखले, आणि तो तोतया ठरून कैदेत पडला. ज्याने दुसरी खूण मागितली त्याच्यापुढे तोतया टिकला नाही.

गोष्ट येथेच संपती तर ती दुहेरी कुलपाच्या बाजूने दिलेली उत्तम साक्ष झाली असती. परंतु पुढे १७७६ मध्ये हाच मनुष्य रत्नागिरीच्या कैदेतून सुटला. तो तट फोडून सुटला नाही. ज्याच्या ताब्यात तो होता त्या अधिकाऱ्यानेच त्याचा पक्ष घेतला. नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षे झाली होती, गादीवर लहान मूल होते, आणि भाऊ परत यावेत असे हजारो लोकांस मनापासून वाटत होते. पाहता पाहता तोतयाभोवती सैन्य जमले, कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याचा मोड केला, पळताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि त्याच वर्षी पुण्यास त्यास देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

मला या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग वाटतो तो रत्नागिरीचा. पुण्यास झालेली चौकशी खोटी ठरली नव्हती. त्या चौकशीचा निकाल ज्याच्या हाती सोपविला होता तो मनुष्य वळला. दोन कुलपे होती, पण दोन्ही किल्ल्या एकाच दारावर येऊन थांबल्या होत्या.

आम्हा सरकारी कारकुनांस हे तत्त्व नवे नाही. खजिन्याच्या तिजोरीस दोन कुलपे असतात, एकाची किल्ली एका कर्मचाऱ्याकडे व दुसऱ्याची दुसऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याविना तिजोरी उघडत नाही. काही वर्षांपूर्वी सरकारी ई-टपालासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘कवच’ नावाचे ॲप आणले, तेव्हा कार्यालयात कुरकुर पुष्कळ झाली. परंतु तिजोरीची आठवण देताच जुन्या मंडळींस त्याचा अर्थ तत्काळ उमगला. बँकांच्या बाबतीतही रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून, कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांस दुसरी खूण सक्तीची केली होती.

खेळांच्या खात्यांस दुसरे कुलूप लागले ते याच सुमारास. खेळातील तलवारी, पोशाख व नाणी ही खोटी असली तरी त्यांना खरे गिऱ्हाईक मिळू लागले, आणि जेथे गिऱ्हाईक तेथे चोर हा न्याय सनातन आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या कर्त्या ब्लिझार्ड कंपनीने २००८ मध्ये किल्लीच्या जुडग्यास अडकविण्याजोगे, आकडे दाखविणारे एक लहानसे यंत्र खेळाडूंस विकावयास काढले. पुढे तेच काम फोनवरील ॲप करू लागले. लोक मात्र या त्रासास सहजी तयार होत ना. ‘फोर्टनाइट’च्या कंपनीने २०१८ मध्ये, जो दुसरे कुलूप लावील त्याच्या पात्रास एक नवा नाच फुकट मिळेल, असे आमिष दाखविले. सुरक्षिततेसाठीही मुलांस खाऊ द्यावा लागतो!

या ॲपची रीत मोठी चतुर आहे. आरंभी चौकटीचे एक चित्र फोनने टिपावयाचे. त्यात एक गुप्त संकेत असतो. तो एक खेळाच्या कंपनीकडे राहतो व एक फोनमध्ये. त्यानंतर दोन्हीकडील गणकयंत्रे तोच संकेत व त्या क्षणाची वेळ यांचा गुणाकारासारखा एक गहन संस्कार करतात आणि सहा आकडी संख्या काढतात. घड्याळ दोन्हीकडे एक, संकेत एक, म्हणून उत्तरही एक. यास इंटरनेटचीसुद्धा गरज नसते. सामान्यतः दर तीस सेकंदांनी जुनी संख्या मरते व नवी जन्मते. या पद्धतीचे सर्वमान्य प्रमाण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आकड्यांत दहा लक्ष शक्यता असतात. चोराने अंदाजाने ती ओळखावी तर त्यास तीस सेकंदांचाच अवकाश. परवलीचा शब्द हा शिक्का म्हटला तर ही संख्या म्हणजे मोर्तब होय. ‘येथे मर्यादा आहे’ हेच ती सांगते. फरक इतकाच की शिवकालीन मर्यादा कागदाच्या तळाशी होती, आजची काळाच्या काठावर आहे.

मग मुलाचे खाते गेले कसे? खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. खेळ चालू असता कोणा ‘अधिकाऱ्याचा’ निरोप आला: तुझे खाते धोक्यात आहे, पडताळणीसाठी परवलीचा शब्द व फोनवरचा आकडा तत्काळ कळव. मुलाने कळविला. तीस सेकंद चोरासही पुरेसे होते. संख्या खरी होती, कुलूप खरे होते, संकेत फुटला नव्हता; तट शाबूत होता आणि दरवाजा आतून उघडला गेला. रत्नागिरीस जे घडले तेच आमच्या वसाहतीत घडले.

याहून वाईट प्रकारही आहे, व त्याची छाया आमच्या गावावर पडलेली आहे. ‘महादेव’ या नावाच्या सट्ट्याच्या ॲपमुळे भिलाईचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यासह २२ अवैध सट्टा ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये देशभर बंदीचा कायदाही झाला. अशा व्यवहारांत दुसऱ्यांच्या नावे काढलेली बँकखाती वापरली जातात, असे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. येथे चोराला कुलूप फोडावे लागत नाही. थोड्या पैशांसाठी मनुष्य स्वतःचे नाव, खाते, फोनवर येणारा आकडा, सारे भाड्याने देतो. तोतयाला भाऊंचा चेहरा दैवाने मिळाला होता. आज चेहरा विकत मिळतो.

म्हणून त्या मुलास मी एवढेच सांगितले: “बाळ, दोन किल्ल्या दोन ठिकाणी राहिल्या तरच कुलपे दोन. आकडा तू स्वतः त्या दारात उभा असशील तेव्हाच टाकावयाचा. दारापलीकडून कोणी मागितला तर तो मागणाराच तोतया समज. आणि फोन हरवल्यास उपयोगी पडणारे राखीव आकडे कंपनी देते, ते कागदावर लिहून घरात ठेव.” त्याने ते आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, आणि खाली, मी न सांगता, एक रेघ ओढली.

“ही कशाला?” मी विचारले.

“इथे संपलं, काका. याखाली कुणी काही लिहिलं तर ते माझं नाही.”