आहारनळी, हृदयशस्त्रक्रियेनंतरची

हृदयशस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णाला तोंडाने पुरेसे खाता येत नाही किंवा ठसका न लागता गिळता येत नाही, त्याच्या जठरात अथवा लहान आतड्यात अन्न पोचवण्यासाठी घातलेली लवचीक नळी. नाकातून जठरात जाणाऱ्या नळीला आपल्याकडच्या रुग्णालयांत ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात. ब्रिटिश वैद्य जॉन राइल यांनी १९२१ मध्ये ती वर्णिली, पण जठररस तपासणीसाठी बाहेर काढायला. नळीने भरवणे त्याहून जुने आहे: लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७९० मध्ये गिळता न येणाऱ्या रुग्णाला ईल माशाच्या कातड्याच्या नळीतून भरवले होते.

बायपास झालेल्या बहुतेकांना हिची गरज पडत नाही. व्हेंटिलेटर काढल्यावर काही तासांत घोटभर पाणी दिले जाते आणि एकदोन दिवसांत जेवण सुरू होते. नळी लागते ती व्हेंटिलेटर लांबलेल्यांना, पक्षाघात झालेल्यांना आणि स्वरयंत्राची नस दुखावलेल्यांना. डाव्या बाजूची ही नस महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन वर जाते. त्यामुळे कमानीवरच्या शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. मग आवाज बसतो आणि पाणी श्वासनलिकेत उतरते. जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेल्या तान्ह्या बाळांतही हे घडते. शिवाय अशी बाळे दूध ओढतानाच दमतात, म्हणून काहींना नळीसह घरी पाठवावे लागते.

नळी किती आत घालायची ते आधी मोजतात: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. प्रौढांत हे अंतर साधारण ५० ते ६० सेंमी भरते. हेपॅरिन किंवा वॉर्फरिन चालू असेल तर नाकातून रक्त वाहण्याची भीती असते, म्हणून भरपूर जेली लावून बारीक नळी हलक्या हाताने सरकवतात. शुद्धीवरच्या रुग्णाला ‘गिळा, गिळा’ म्हणत नळी पुढे नेता येते. गुंगीतला रुग्ण मात्र नळी फुप्फुसात शिरली तरी खोकेलच असे नाही.

म्हणून नळीची जागा तपासल्याशिवाय तिच्यातून थेंबही देऊ नये. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप धरण्याची जुनी रीत फसवी आहे; फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज येऊ शकतो. ओढून काढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी असेल तर नळी जठरात असल्याचे मानतात, पण या रुग्णांना आम्ल कमी करणारी औषधे सर्रास दिली जात असल्याने तो आकडा वर जातो. उरतो छातीचा एक्स-रे. त्यात छातीचे हाड बांधलेल्या तारांचे वेढे, निचऱ्याच्या नळ्या आणि पेसिंगच्या तारा अशी गर्दी असते. त्या गर्दीतून आहारनळीची रेघ श्वासनलिका दुभागते त्या जागेवरून सरळ खाली, मध्यपटलापलीकडे गेलेली दिसायला हवी. ती डोळ्याला नीट सापडली नाही, तर अंदाजावर भागवू नये.

रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनलीनची मोठी मात्रा चालू असताना आतड्याला रक्त तुटपुंजे मिळते. तेव्हा भरवण्याची घाई आतड्याच्या जिवावर बेतू शकते. रक्ताभिसरण स्थिरावले की शक्यतो २४ ते ४८ तासांत ताशी १० ते २० मिलिलिटरने सुरुवात करतात. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. पाण्यावर बंधन असेल तर दाट आहार निवडतात. बरेच दिवस उपाशी राहिलेल्यात आहार सुरू होताच रक्तातले पोटॅशियम व फॉस्फेट घसरू शकते, आणि पोटॅशियम घसरले की हृदयाची लय बिघडते. सावकाश विरघळणारी मेटोप्रोलॉलची गोळी कुटून नळीतून देणे चूक आहे: दिवसभराचे औषध एकदमच अंगात उतरते.

जठर रिकामे होत नसेल तर नळी लहान आतड्यापर्यंत नेतात. चार आठवड्यांहून अधिक काळ गरज दिसत असेल, तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवण्याचा विचार होतो. दुर्बिणीच्या मदतीने ती बसवण्याची पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे गॉडरर आणि पॉन्स्की यांनी सुरू केली. कृत्रिम झडप बसवलेल्यांत त्यासाठी रक्त पातळ करणारे औषध काही काळ थांबवावे लागते, आणि तो निर्णय हृदयतज्ज्ञाला विचारूनच घ्यावा.

घरी भरवणाऱ्या नातेवाइकांनी नाकपुडीजवळ नळीवर केलेली खूण दर वेळी पाहावी. खूण सरकलेली दिसली, भरवताना खोकला आला किंवा ओठ निळसर झाले, तर भरवणे तिथेच थांबवावे आणि नळी स्वतः आत न ढकलता लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा.